मखमलीखालची नीळ

१

हेल्मेट जवळजवळ शाबूत होतं. फुटलं होतं ते त्याच्या आतलं डोकं.

रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात राही शिर्के ते लाल हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. आत खाटेवर तिचा धाकटा भाऊ मोरू बेशुद्ध पडला होता. मंगळवारी सकाळी तो आईला भेटायला म्हणून आपली राजदूत मोटरसायकल घेऊन सावर्ड्याला निघाला आणि हातखंब्याच्या पुढच्या वळणावर खडीवरून चाक घसरून पडला. रस्त्याकडेला जांभ्याचे चिरे रचून ठेवले होते, त्यांवर डोकं आपटलं. समोरच्या टपरीवाल्यानं सगळं पाहिलं होतं. गाडीला वेग असा नव्हताच, पोर सायकलवरून पडावं तसा तो पडला, असं त्याचं म्हणणं. पोलिसांनी साधा अपघात म्हणून पंचनामा उरकला आणि हेल्मेट बहिणीच्या हातात दिलं.

डॉक्टर बाहेर आले. त्यांची नजर आधी हेल्मेटवर गेली.

"तुमच्याच शेडमधलं ना हे?"

राहीनं मान हलवली.

"मग तुमच्या मिस्टरांना विचारा. हेल्मेट घालून असं पडलं तर फार तर मान आखडते. ह्याच्या कवटीला तडा गेलाय. डोक्यावर नुसतं पातेलं पालथं घालावं, तसं झालं हे."

राहीच्या नवऱ्याची, महिपतची, मिरजोळ्याला शेड होती. १९८७ साल ते. रस्त्यावर मोटरसायकली वाढल्या होत्या, आणि चांगलं हेल्मेट मुंबईहून मागवावं लागे, तेही मास्तर-शिपायांना न परवडणारं. परवडे ते प्लॅस्टिकचं, वाऱ्यानं उडून जाईल असलं. महिपतच्या शेडमध्ये मधला मार्ग निघाला होता: काचेच्या धाग्याचे दोन पातळ थर, मध्ये कोकणातल्याच काथ्याचा थर, आत थर्माकोल. हलकं आणि स्वस्त. येत्या गुरुवारी शाळेच्या पटांगणावर त्याचं प्रात्यक्षिक होतं. सोललेला नारळ, खास पेटीत काढून ठेवलेल्या मखमली अस्तराच्या हेल्मेटात बसवून उंचावरून लोखंडी ऐरणीवर सोडायचा. नारळ वाचला तर डोकंही वाचेल. दुकानदार येणार होते, वाहतूक खात्याचे साहेब येणार होते. आणि त्याच हेल्मेटात घरचा माणूस डोकं फोडून घेऊन आला होता.

जिन्यावरून भागोजी भाटकर धापा टाकत वर आला. हा महिपतचा भागीदार. मूळचा बोटी बांधणारा, शेड त्याचीच. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि राहीच्या कानाशी वाकला.

"वैनी, बोलू नये, पन बोलतो. ह्या हेल्मेट मोरूला शकूनं दिलान. आपल्या हातानं. गुरवारच्या पेटीतला काडून दिलान."

आत भाऊ मरणाच्या दारात होता. आणि तरी त्या क्षणी राहीला आतून कुठंतरी बरं वाटलं.

२

शकू, म्हणजे शकुंतला मयेकर, वेळणेश्वरची मुलगी. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ती दोन वर्षांपूर्वी शेडवर आली. हेल्मेटांच्या चाचण्या तिच्याकडे होत्या. काथ्याच्या थराची कल्पनाही तिचीच. दिसायला काही अप्सरा नव्हती. उंच, सावळी, केसांत राळेचे शिंतोडे, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पण राहीला ती डोळ्यांसमोर नको असे.

सुरुवातीला महिपत जेवताना तिच्याबद्दल भरभरून बोले. शकूनं आज असं सुचवलं, शकूनं तसं करून दाखवलं. राही आमटी वाढत ऐकून घेई. ती स्वतः लग्नाआधी चिपळूणच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. तिला त्यातलं सगळं कळत होतं, पण तिला कोणी काही विचारत नव्हतं. तिच्याकडे हेल्मेटांची अस्तरं शिवायचं काम होतं, इतकंच.

मग अलीकडे महिपतनं शकूचं नावच टाकलं. ते राहीला जास्त लागलं. जेवणाचा डबा घेऊन शेडवर गेली की ती पाही, नवरा कामातून मान वर करून शकूकडे बघत असायचा. तिच्या हातांकडे, तिच्या वहीवर वाकलेल्या मानेकडे. टक लावून. राही गेली तरी त्याला पत्ता नसे.

नाही म्हणायला गेल्या रविवारी तिला जरा धीर आला होता. दोन दिवस माहेरी राहून ती संध्याकाळी सावर्ड्याहून परतली, तर महिपत बाजेवर तिचा सुईदोऱ्याचा डबा घेऊन बसलेला.

"हे काय आरंभलंय?"

"शर्टाचं बटण तुटलं होतं. म्हटलं, तू येईपर्यंत लावून टाकावं."

तिनं हसून डबा काढून घेतला होता. माणूस अजून घरात आहे, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

हॉस्पिटलात महिपत दुपारी पोचला. सकाळपासून तो चिपळूणला दुकानदारांना आमंत्रणं द्यायला गेला होता. चेहरा पांढराफटक.

"कुठलं हेल्मेट होतं?" त्यानं आल्याआल्या विचारलं.

राहीनं मांडीवरचं दाखवलं. त्यानं ते घ्यायला हात पुढे केला. "दे इकडे. शेडवर नेऊन बघतो काय झालंय ते."

"राहू दे माझ्याजवळ," राही म्हणाली. ते का, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. खरं इतकंच होतं, की शकूची चूक पकडायची तर ती तिला स्वतःला पकडायची होती.

सोनूबाई, तिची आई, सावर्ड्याहून येऊन मोरूच्या उशाशी बसली तशी राही घरी आली. माजघराच्या उजेडात तिनं हेल्मेट पालथं केलं आणि डाळिंबी मखमलीचं अस्तर एका बाजूनं उसवलं.

टाळूवरचा थर्माकोल चेपून चपटा झाला होता. ते अपघातानंही होईल. पण त्यावर निळा डाग होता. पुसट, पसरलेला, निळीच्या पुडीचा.

चाचणीआधी शकू हेल्मेटात बसवायच्या लाकडी डोक्याला नीळ चोपडते, आघात नेमका कुठं बसला ते अस्तरावर उमटावं म्हणून. आघातानं नीळ कापडातून पार थर्माकोलपर्यंत उतरते. म्हणजे हे हेल्मेट आधीच एकदा ऐरणीवर आपटून झालं होतं. एकदा मार खाल्लेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतून संपलेलं असतं, म्हणून शेडचा कडक नियम होता: चाचणी झाली की करवतीनं मधोमध कापून टाकायचं.

आणि वर डाग नसलेली, कोरी करकरीत मखमल होती.

हे कुणाच्या नजरचुकीनं झालं नव्हतं. संपलेल्या हेल्मेटाला कुणीतरी नवं अस्तर चढवून पेटीत ठेवलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी राही शेडवर गेली तेव्हा शकू एकटीच होती. हेल्मेट उंचावरून सोडायच्या, दोन रुळांच्या लोखंडी सांगाड्याखाली ऐरणीवर हात टेकून उभी होती.

"कसा आहे मोरू?"

"श्वास चालू आहे," राही म्हणाली आणि सरळ भिंतीकडे वळली. तिथं कापलेल्या हेल्मेटांची शकलं खिळ्यांना टांगलेली असत. "शेवटची चाचणी कधी केलीस?"

"शनिवारी. कापलं मात्र सोमवारी."

"त्याची शकलं कुठली?"

शकूनं दोन अर्धुकं काढून दिली. राहीनं अस्तर पाहिलं. साधं जाडंभरडं मांजरपाट, चाचणीच्या हेल्मेटांना ती नेहमी न शिवता नुसतं चिकटवी तेच. त्यावर टाळूपाशी निळा डाग. मग तिनं अस्तर सोडवून आतल्या थर्माकोलवर अंगठा दाबला. अंगठा रुतला नाही. टणक, सारखा, पांढराशुभ्र थर्माकोल. निळीचा कणही नाही.

"हे बघ," राही म्हणाली.

शकूनं पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं कवचाच्या बाहेरचा ओरखडा नखानं खरवडला. नखाला तांबूस भुकटी लागली.

"ऐरणीवर काळा चट्टा उमटतो, लोखंडाचा," ती हळू म्हणाली. "हा जांभ्यावर घासलाय. वहिनी, हे हेल्मेट ऐरणीवर पडलेलंच नाही. मी धडधाकट हेल्मेट कापलंय."

"आणि मेलेलं मोरूला दिलंस."

शकूचा चेहरा उतरला, पण तिनं मान खाली घातली नाही. "हो. मीच दिलं. तो सहज डोकावला होता इथं, सावर्ड्याला चाललो म्हणाला. उघड्या डोक्यानं. मीच ओरडले त्याच्यावर, पेटी उघडली आणि वरचंच हेल्मेट हातात दिलं."

"शनिवारी कापायचं सोडून सोमवारी का कापलंस?"

"आई आजारी होती. वेळणेश्वरची गाडी चुकली असती. बाकावर ठेवून गेले, सोमवारी सकाळी आल्याआल्या कापलं. निळा डाग दिसला, ओरखडा दिसला. थर्माकोल कशाला दाबून बघू?" तिनं अर्धुकं राहीच्या हातात परत दिली. "हेल्मेट मी दिलं, हे महिपतसाहेबांना मी कालपासून सांगायचा प्रयत्न करतेय. ते ऐकून घेत नाहीत. दोन महिने झाले, ते माझ्याशी धड बोललेलेच नाहीत."

दोन महिने. राहीला तो आकडा टोचला. रुसवा दोन महिने टिकतो तो कुठल्या नात्यात, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिनं अर्धुकं पिशवीत टाकली.

"शनिवारी तू गेल्यावर इथं कोण होतं?"

"भागोजीदादांनीच मला गाडीवर बसवलं. त्यांनाच विचारा," शकू म्हणाली. आणि मागून हाक मारून तिनं सांगितलं, "वहिनी, तुम्हाला मीच हवी आहे ना ह्यात? दिसतंय मला."

राही न वळता बाहेर पडली.

४

भागोजी मिरकरवाड्याला सापडला. अर्धवट बांधलेल्या होडीच्या पोटात शिरून तो फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासत होता.

"शेड तुमची, आणि होडी इथं उघड्यावर?" राहीनं विचारलं.

"शेडीत जागा कुठं ऱ्हायलीय, वैनी?" भागोजी कडवट हसला. "बापाच्या वेळंपासनं तिथं होड्या व्हायच्या. आता हेल्मेटां. पेपरात फोटो आला तो शकूबायचा. खाली नाव भागोजीचा नाय. आमी फक्त भाड्याचे बैल."

"म्हणून हेल्मेट फुटू दे एकदाचं, असं म्हणाला होतात तुम्ही. सगळ्यांसमोर."

भागोजीचा हातोडा थांबला. तो होडीतून बाहेर आला. दोन्ही तळहात त्यानं राहीपुढं धरले. राळेनं भाजून बोटांची कातडी घोड्याच्या खुरासारखी झाली होती.

"म्हनालो. जीव जळतो तवा मानूस बोलतो. पन मोरूला मी खांद्यावर खेळवलाय. आनि मला काय करायचा असता, तर कुऱ्हाड घेऊन सांगाडाच तोडला असता. चोरून काय करू?"

राहीला त्याचं म्हणणं पटलं; पण पटलं म्हणून सोडायचं नव्हतं.

"शनिवारी शकूला गाडीवर तुम्ही बसवलंत. तिच्याजवळ काय होतं?"

"एक कापडी पिशवी. औषधा व्हती आईसाटनं."

"हेल्मेट मावेल एवढी?"

"नारळ मावनार नाय येवडी."

"आणि रविवारी तुम्ही कुठं होता?"

"सकाळीच शेडीवर गेलो, राळेचा डबा आनायला. मग दिवसभर इथंच, इचारा कुनालाय." त्यानं डोकं खाजवलं. "तवा एक गोष्ट खटकली व्हती. गुरवारची पेटी जाग्यावर नव्हती. बाकावरचा हेल्मेटपन नव्हता. म्हटला, शकूबायनं नेला असंल."

"शकू तर शनिवारीच वेळणेश्वरला गेली. रिकाम्या हातानं. तुम्हीच सांगताय."

हे भागोजीच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

"मग पेटी सोमवारी परत कशी आली?" राहीनं विचारलं.

"सोमवारी जाग्यावर व्हती. शेडीचं कुलूप धड, वैनी. आनि किल्ल्या..." तो अडखळला.

"किल्ल्या दोनच," राही म्हणाली. "एक तुमच्याकडे."

दुसरी कुणाकडे, ते दोघांनीही उच्चारलं नाही.

५

घरी येऊन राहीनं मोरूचं हेल्मेट पुन्हा पुढ्यात घेतलं. डोक्यात एकच धोशा होता: भागोजी खोटं बोलत असणार. किंवा शकू. दोघांतलं कोणीतरी. तिसरं काही असूच नये.

मखमलीची जी बाजू तिनं काल घाईनं उसवली होती ती बाजूला ठेवून तिनं न उसवलेली बाजू पाहिली. अस्तर कवचाच्या कडेच्या पट्टीला टाक्यांनी पक्कं करायचं असतं. हे टाके ती नेहमी काळ्या नायलॉननं घाली, जाळी विणायच्या धाग्यानं. भागोजीच तो आणून देई. दुसरा धागा डोक्याच्या घामानं कुजतो.

इथं टाके काळे नव्हते. मखमलीच्या रंगात मिसळून गेले होते म्हणून काल दिसले नाहीत. डाळिंबी सुती दोरा, दुहेरी घेतलेला, टाके एक लांब, एक आखूड.

राही उठली आणि फळीवरून सुईदोऱ्याचा डबा काढला. डाळिंबी दोऱ्याचं रीळ तिनं गेल्याच आठवड्यात बाजारातून आणलं होतं, नव्या साडीला फॉल लावायला. साडी अजून घडीतच होती. तिनं दोऱ्याला हात लावला नव्हता.

रिळाचं वरचं कागदी वेष्टण फाडलेलं होतं. दोरा बराच संपला होता.

ती खुंटीपाशी गेली. महिपतचे शर्ट एकेक करून पाहिले. एकूण एक बटण कंपनीच्या पांढऱ्या दोऱ्यानं लावलेलं. मग तिनं ट्रंकेतले पाहिले, दोरीवर वाळत घातलेला पाहिला. रविवारी कुठलंही बटण लावलं गेलं नव्हतं.

ती वाळत्या कपड्यांखाली तशीच खाली बसली. सगळं एकमेकांत बसत गेलं. शनिवारी शकू गेल्यावर त्यानं पेटी आणि बाकावरचं हेल्मेट घरी आणलं. घर रिकामं होतं. दोन्ही अस्तरं काढून अदलाबदल केली. मेलेल्या हेल्मेटाला मखमल, जिवंताला निळं मांजरपाट. जिवंताचा माथा अंगणाभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यावर घासला, मेलेल्याच्या माथ्यावरचा काळा चट्टा झाकायला रंग फासला. आणि हॉस्पिटलात आल्याआल्या 'मोरू कसा आहे' न विचारता 'कुठलं हेल्मेट होतं' विचारलं.

पण का? त्याला शकूबद्दल काही वाटत होतं, तर तिचंच हेल्मेट त्यानं का मारावं?

राहीला ती नजर आठवली. शकूच्या हातांवर खिळलेली. दोन महिने ती त्या नजरेला प्रेम समजत होती. आत्ता पहिल्यांदा तिनं ती नीट वाचली, आणि तिला ती ओळखीची वाटली. डबा घेऊन शेडच्या दारात उभी राहिली की शकूकडे बघताना तिची स्वतःची नजर अशीच होत असणार.

त्याला शकू नको होती. शकूकडे जे होतं ते हवं होतं.

बाहेर फाटकाची कडी वाजली. महिपत आला होता.

"एक सांगायचं होतं," चप्पल काढताकाढता तो म्हणाला. "फौजदारांना मी सांगून आलोय, हेल्मेट शकूनं दिलं म्हणून. चाचणीचं आणि चांगलं, तिची गल्लत झाली असणार. उद्या प्रात्यक्षिकाआधी ते शेडवर येतायत. तिला आता शेडवर ठेवता येणार नाही. तुझ्याही मनासारखं होईल."

राहीनं नवऱ्याकडे पाहिलं. काही न बोलता राहिली असती तर खरंच तिच्या मनासारखं झालं असतं. शकू रत्नागिरीतून निघून गेली असती. मोरूच्या कपाळी होतं, असं लोक म्हणाले असते. आणि घर, नवरा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"चहा टाकते," ती म्हणाली.

६

गुरुवारी सकाळी शेडमध्ये पाच माणसं होती. फौजदार खुर्चीवर, भागोजी दाराशी, शकू सांगाड्यापाशी, महिपत टेबलामागे. राही शेवटी आली आणि तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली: मोरूचं हेल्मेट आणि ती दोन अर्धुकं.

"राही, हे कशाला इथं?" महिपत म्हणाला.

"फौजदारसाहेबांना दाखवायचंय."

तिनं शाळेत शिकवावं तसं एकेक करून सांगितलं. कोऱ्या मखमलीखाली निळा थर्माकोल, निळ्या मांजरपाटाखाली कोरा. लोखंडाच्या काळ्या चट्ट्याऐवजी जांभ्याची तांबडी भुकटी. फौजदार पुढे वाकून बघत होते.

"गल्लत असती तर हेल्मेटं बदलली असती," राही म्हणाली. "अस्तरं बदलली नसती. ज्यानं हे केलं त्याला शकूची खात्री पटवायची होती, की ती कापतेय ते चाचणीचंच आहे. शकूनं स्वतःच केलं असतं, तर स्वतःला फसवायला ती गडग्यावर हेल्मेट घासत बसली असती का?"

शकूनं झटकन मान वर केली.

"मग भाटकर?" फौजदारांनी दाराकडे पाहिलं.

"रविवारी पेटी इथं नव्हती, हे त्यांनी आपणहून सांगितलं. चोरानं ते सांगितलं नसतं. त्यांच्याखेरीज ते कुणाला माहीतच नव्हतं. आणि त्यांच्या हाताशी काळं नायलॉन ढिगानं असताना ते सुती दोरा घेणार नाहीत." तिनं मखमलीचा न उसवलेला टाका सुईच्या टोकानं उचलून दाखवला, आणि कमरेच्या बटव्यातून डाळिंबी रीळ काढून शेजारी ठेवलं. "हे रीळ माझ्या घरचं आहे. मी रविवारी संध्याकाळी सावर्ड्याहून परतले तेव्हा सुईदोऱ्याचा डबा ज्यांच्या मांडीवर होता, त्यांनी मला सांगितलं, शर्टाचं बटण लावतोय. घरातला एकेक शर्ट मी पाहिलाय."

महिपत त्या रिळाकडे बघत राहिला.

"अहो," राही म्हणाली. "तुम्ही सांगता, की मीच सांगू?"

मग महिपत बोलला, पण बायकोकडे किंवा फौजदारांकडे बघून नाही. शकूकडे बघून.

"मुंबईची नोकरी सोडून आलो मी ह्याच्यासाठी. पाच वर्षं घासली. माझ्या हेल्मेटात नारळ फुटत नव्हता, पण ते उचलून मान मोडायची, आणि घेणार कोण? तू एक दिवस डबा खाताखाता म्हणालीस, साहेब, मध्ये काथ्या घालून बघू या का. डबा खाताखाता! लोक आता मला विचारतात, मयेकरबाईंचं हेल्मेट तुमच्याच शेडमध्ये होतं का." त्याचा आवाज चिरकला. "मला कुणाचं डोकं फोडायचं नव्हतं. फक्त नारळ फुटायला हवा होता. सगळ्यांदेखत, एकदाच. नारळाचं काय गेलं असतं?"

"मोरू जातोय त्यात," भागोजी म्हणाला.

"मी इथं असतो तर त्याला ते हातात घेऊ दिलं असतं का? चिपळूणला होतो मी!"

"आणि परत आल्यावर?" राहीनं विचारलं. "कालचा आख्खा दिवस तुम्ही रत्नागिरीतच होता. काल तिच्यावर ढकलून आलात."

फौजदार उठले आणि त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

७

प्रात्यक्षिक त्या दिवशी झालं नाही. पुढच्या महिन्यात झालं.

मोरू शुद्धीवर आला तो चौथ्या दिवशी. त्यानं पहिल्यांदा आईकडे पेज मागितली. उजवा हात नीट वळत नव्हता, शब्द मध्येच सापडत नसत. डॉक्टर म्हणाले, वर्ष लागेल, कदाचित पूर्ण भरून येणार नाही. कुणामुळे झालं हे राहीनंच त्याला सांगितलं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं आणि दाजींबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही.

प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या दिवशी राही कोठडीवर डबा घेऊन गेली. जामीन व्हायचा होता. गजांमागे महिपत वाळल्यासारखा दिसत होता, दाढी वाढलेली. तिला कणव आली. माणूस चुकतो, जन्मभर काही कुणी चुकत नाही, असं काहीबाही ती वाटभर स्वतःला समजावत आली होती.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"काल झालं. वाहतूक खात्याचे साहेब आले होते. चिपळूणचे तुमचे दुकानदारही."

"नारळ?"

"शाबूत."

"एकदाच सोडला?"

"तीन नवी हेल्मेटं, तीन नारळ. तिन्ही शाबूत."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं, ते त्याला लपवता आलं नाही. ओठ आवळले, डोळे बारीक झाले, कुणी पोटात बोटं खुपसावीत तसे. इतकं होऊनही. कोठडीत बसूनही. राहीनं डबा गजांतून आत सरकवला आणि त्याचं जेवण होईपर्यंत न थांबता बाहेर पडली. त्याच आठवड्यात तिनं मोरूला आणि आईला घेऊन सावर्ड्याला बिऱ्हाड हलवलं.

निघायच्या दिवशी शकू स्टँडवर आली. शेड आता ती आणि भागोजी मिळून चालवणार होते; निम्म्या जागेत होड्या, निम्म्या जागेत हेल्मेटं. ती हात मागे बांधून उभी राहिली, नेहमीसारखी आखडून.

"वहिनी, तुम्ही शेडवर आलात तर बरं होईल. नुसतं शिवायला नाही. चाचण्या बघायला. त्या दिवशी तुम्ही थर्माकोल दाबून पाहिलात, मी पाहिला नव्हता."

सोनूबाई मोरूला धरून गाडीत चढवत होती. राहीनं बोचकं खाली ठेवलं.

"शकू, तुला त्यातून सोडवलं ते खरं होतं म्हणून. तू आवडतेस म्हणून नाही. तू समोर आलीस की अजूनही माझ्या पोटात दुखतं. कारण उरलेलं नाही, तरी दुखतं. रोज तुझ्याशेजारी बसले तर काय होईल, ते मी घरात बघितलंय."

कंडक्टरनं घंटी दिली.

"मग सावर्ड्यालाच राहा," शकू म्हणाली. "अस्तरं एस.टी.नं पाठवा. पण वेळेवर पाठवा."

राहीनं ती वेळेवर पाठवली.